हितं हाळी द्या

मोबाईलमधलं कुठलं मॅप चांगलं, असं मला वरचेवर विचारतात. मी भोरच्या बाजूला आरोग्य सेविका आहे. दिवसभर स्कूटीवरून वाड्यावस्त्या पालथ्या घालते, म्हणून लोकांना वाटतं हिला माहीत असणार. मी एका वाक्यात उत्तर देऊन मोकळी होते, "गाडीला बोलणारं आणि पायाला मुकं." लोक हसतात. त्यापुढचं मी सांगत नाही. सांगायला लागले की माझा आवाज चढतो आणि समोरचं माणूस उगीच ओशाळतं.

बोलणारं म्हणजे सगळ्यांच्या मोबाईलमध्ये असतं ते. त्यातली बाई शुद्ध मराठी बोलते आणि कधी चिडत नाही. मी चिडते. धरणाच्या फुगवट्यावरच्या गावांत उन्हाळ्यात पाणी हटलं की लोक मोटारसायकली कोरड्या पात्रातून पलीकडे घालतात. तिनं ते कुठूनतरी पाहून ठेवलं असावं. ऐन श्रावणात, लसींचा डबा मांडीशी धरलेला असताना, तिनं मला काठावर आणून उभं केलं आणि म्हणाली, "सरळ जा." समोर नुसतं पाणी. "आधी तू जा," असं मी तिला मोठ्यानं सुनावलं. शेजारी म्हशी धुणारे एक आजोबा माझ्याकडे बघतच राहिले.

पण डांबरी रस्त्यावर तिचा हात धरणारं कोणी नाही. पुढे गर्दी आहे का, रस्ता बंद आहे का, किती वेळ लागेल, सगळं तिला आधी कळतं. त्यासाठी मात्र रेंज लागते. आमच्या माहेरच्या वस्तीवर रेंज फक्त अंगणातल्या फणसाखाली येते, तीही तिच्या मर्जीनं. तिथं ती बाई गप्प होते.

दुसरं मॅप मुकं आहे. ते एकदा मोबाईलमध्ये उतरवून घेतलं की रेंज नसली तरी चालतं. त्यात पायवाटा असतात, झरे असतात, आणि हे सगळं लोकांनीच भरलेलं असतं. कोणीही आपल्या पायाखालची वाट त्यात घालू शकतो. माझ्या थोरल्या भावानं, दादानं, आमची वाट घातली होती.

दादा वेल्ह्याच्या बाजूला आमच्या वस्तीवर आईसोबत राहायचा. लग्न केलं नाही. विचारलं की म्हणायचा, "डोंगरात नांदायला कोण पोरगी तयार व्हईल?" आमचे वडील लवकर गेले, त्यामुळे घरात दोघंच. शनिवार-रविवारी पुण्याहून ट्रेकवाले यायचे. भोरकडच्या अंगाला गाडी लावायची, खिंड चढायची आणि पलीकडे आमच्या वस्तीवर उतरायचं, असा त्यांचा बेत. मी लग्न होऊन उत्रोलीला आले, तेव्हा आई म्हणायची, "पोरगी डोंगरापल्याड दिली, पर वाट हाय की मधी." गाडीनं यायचं तर भोर, मग महामार्ग, मग नसरापूरवरून आत, असा मोठा वळसा.

ट्रेकवाल्यांपैकी एका मुलीनं दादाला ते मुकं मॅप शिकवलं. मोबाईल खिशात टाकून चालायचं, म्हणजे मागे रेघ उमटत जाते. त्याला वेडच लागलं. अख्खी वाट त्यानं चालून काढली, आणि नुसती रेघ ठेवून त्याचं समाधान होईना, म्हणून जागोजागी खुणा घालून त्यावर लिहिलं. लोक अशा ठिकाणी 'पाण्याची टाकी' किंवा 'विश्रांतीस्थान' असं लिहितात. दादानं बोलतो तसंच लिहिलं. 'हितं पाणी. उन्हाळ्यात न्हाई.' 'हितं गप चाला, वर मोहळ हाय.' 'हितं बसा, लई चढ झाला.' आणि शेवटच्या वळणावर, जिथून आमच्या घराचे पत्रे खाली दिसतात, तिथं लिहिलं, 'हितं हाळी द्या. आई चहा टाकंल.'

त्या वळणावरून हाळी देणं ही त्याचीच लहानपणापासूनची सवय. गुरं घेऊन उतरताना तो तिथं थांबायचा, तोंडाला हात लावायचा आणि ओरडायचा, "ओ आई, चहा टाक!" तो खाली पोचेपर्यंत चहा उकळलेला असायचा. मोबाईल आल्यावरही त्यानं कधी फोन केला नाही. रेंजच नव्हती म्हणा, पण असती तरी केला नसता.

दादा डोंगरात गेला नाही. तो महामार्गावर अपघातात गेला, कामथडीजवळ, किराणा घेऊन मोटारसायकलवरून परत येताना. त्या सकाळी मी त्याच रस्त्यानं नसरापूरला मीटिंगला निघाले होते. बोलणारी बाई चालू होती. ती म्हणाली, पुढे वाहतूक संथ आहे. मोबाईलमध्ये कामथडीपाशी एक छोटी तांबडी रेघ दिसत होती. तिनं मला आतला, गावातून जाणारा रस्ता दाखवला. मी वळले, वेळेवर पोचले, आणि बरं झालं बाई, म्हणून मनात तिचं कौतुकही केलं. नंतर फोन आला तेव्हा कळलं की ती तांबडी रेघ म्हणजे दादा होता. गाड्या त्याच्यासाठी थांबल्या होत्या.

ती बाई खोटं बोलली नव्हती. तिच्यावर राग धरायला मला काही कारण नाही, तरी मी धरते. तेव्हापासून तिचा आवाज बंद ठेवलाय. आणि रस्त्यावर कुठं तांबडी रेघ दिसली की मी आता मुद्दाम त्याच रस्त्यानं जाते. बहुतेक वेळा पंक्चर झालेला टेम्पो असतो, नाहीतर मेंढरांचा कळप. बघते आणि पुढे जाते.

तेराव्यानंतर मी थोडे दिवस आईजवळ राहिले. एका रविवारी ती मोरीत भांडी घासत होती आणि मी तांदूळ निवडत होते. वरून, वळणावरून, पुरुषाचा आवाज आला, "ओ आई, चहा टाका!"

आईच्या हातातलं पातेलं खाली पडलं. आम्ही दोघी एकमेकींकडे बघायचं टाळत होतो. मग आई उठली, राखेचे हात धुतले आणि चुलीवर चहा ठेवला. जरा वेळानं चार ट्रेकवाले हसत अंगणात आले. त्यांतल्या एकानं मोबाईल दाखवला, "काकू, इथं लिहिलंय ना, हाळी द्या म्हणून!"

आईला वाचता येत नाही. तिनं त्याला समोर बसवलं आणि म्हणाली, "काय काय लिवलंय, वाच बरं समदं." त्यानं पाणी, मोहळ, चढ, सगळं वाचलं. शहरातला मुलगा, पण 'हितं' आणि 'न्हाई' वाचताना त्याच्या तोंडून दादाच बोलत होता. आईनं त्यांच्याकडून चहाचे पैसे घेतले नाहीत.

मग ती रीतच पडली. हाळी यायची, आई चहा टाकायची, आणि चहाच्या बदल्यात एकानं सगळ्या खुणा वाचून दाखवायच्या. मी एकदा म्हटलं, "आई, मी वाचते की तुला. माझ्या मोबाईलमध्ये पण आहे ते."

"तू वाचशील," आई म्हणाली, "पर हाळी कोण देईल?"

खरं सांगायचं तर मला त्या हाळीची भीतीही वाटायची. रविवारी माहेरी असले की माझे कान त्या वळणाकडे लागलेले असायचे. हाळी आली की हातातलं काम तसंच राहायचं आणि नाही आली की दिवस सुना जायचा.

पुढच्या पावसात दरड आली. वळणाच्या खालची सगळी बाजू, झाडंझुडपं, वाट, बसायचा कातळ, सगळं सुटून ओढ्यात गेलं. वळण तेवढं वर लोंबकळत राहिलं. वस्तीवरच्या लोकांनी खिंडीत वाटेवर बोराटी लावली. बोरीच्या काटेरी फांद्या आडव्या टाकल्या की वाट बंद, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. पण ट्रेकवाल्यांच्या हातात नकाशा होता, आणि नकाशात वाट होती. ते काठीनं बोराटी बाजूला सारायचे आणि उतरायचे. वळणावर येऊन हाळीही द्यायचे. पुढे वाट नाही म्हटल्यावर काही जण माघारी जायचे, काही जण सुट्ट्या मातीवरून घसरत खाली यायचे. आई चहा टाकायची. त्यांच्यावर ओरडायची, पण चहा टाकायची.

दसऱ्याच्या सुमाराला एक मुलगी पडली. हाळी आली, आईनं आधण ठेवलं, आणि पाठोपाठ किंकाळी आली. मी घरीच होते. वस्तीवरचे लोक घेऊन आम्ही ओढ्यातून वर चढलो. तिचा पाय घोट्याच्या वर मोडला होता. मी काठ्या बांधून पाय धरला, पुरुषांनी घोंगडीच्या झोळीतून तिला खाली आणलं, जीप बोलावली. वेदनेनं तिचे दात वाजत होते, तरी ती एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होती, "पण मॅपवर वाट होती. मॅपवर वाट होती, ताई."

संध्याकाळी मी आईला म्हटलं, "ती वाट मॅपमधून काढायला लागेल."

"न्हाई."

"उद्या कोणाचा तरी जीव जाईल."

"बोराटी हाय की तितं."

"बोराटी कोण बघतंय? सगळे मोबाईल बघतात."

आई माझ्यावर अशी भडकली की मी दारातच थांबले. "एकदा जाळला त्याला," ती म्हणाली. "आता मोबाईलातनं बी जाळतीस व्हय?"

मीही चिडले होते. तिच्यावर नाही, दादावर. इतकं गोड कशाला लिहून ठेवायचं? नुसती वाट घातली असतीस, तर एव्हाना काढून टाकली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई वालाच्या शेंगा सोलत बसली होती. मी निघायच्या तयारीत होते. तिनं मान वर न करता विचारलं, "त्या पोरीची आई कुठं असती?"

"पुण्यात."

"तिला कुनी सांगितलं?"

"मीच. रात्री फोन लावला होता, फणसाखालून."

"काय म्हनली?"

"काही नाही. आधी म्हणाली, जिवंत आहे ना? मग रडली."

आई शेंगा सोलत राहिली. दाणे एका सुपात, टरफलं पदरात. सगळ्या संपल्यावर तिनं हात झटकले आणि म्हणाली, "वाच एकदा. पयल्यापासून."

मी वाचलं. खिंडीपासून खाली, एकेक खूण. 'हितं पाणी'ला ती म्हणाली, "व्हय, त्यो झरा त्यानंच मोकळा केलाता." मोहळापाशी हसली. शेवटची खूण मी वाचायच्या आत तिनंच म्हणून टाकली. मग म्हणाली, "हां. आता मोबाईलातबी लाव बोराटी."

मी त्या मॅपवर कळवलं की वाट ढासळली आहे, काढून टाका. कुठल्यातरी गावाच्या अनोळखी माणसानं उलट विचारलं, तुम्ही स्वतः पाहिलं आहे का? मी लिहिलं, हो. त्यानं वाट काढली, खुणाही काढल्या. माझ्या मोबाईलमध्ये मात्र जुना नकाशा तसाच होता. त्या मुक्या मॅपचा हाच गुण. रेंज नसताना चालतं, कारण उतरवून घेतलेलं ते जपून ठेवतं, आणि आपण अपडेट करत नाही तोवर काही विसरत नाही. ते मला अपडेट कर म्हणून आठवण करून द्यायचं, मी नको म्हणायचे.

रविवार रिकामे जायला लागले. दुपारी आई ओट्यावर बसून वळणाकडे तोंड करून काहीबाही निवडत असायची.

थंडीतल्या एका रविवारी मी गेले होते. आई चुलीपाशी होती. आणि वरून, एकट्या पुरुषाचा, लांबलेला आवाज आला.

"ओ आई! चहा टाका!"

माझ्या लगेच लक्षात आलं, जुना नकाशा असलेला कोणीतरी असणार. कोणी माझ्यासारखाच. आईचा हात सवयीनं पातेल्याकडे गेला. पातेलं उचललंही तिनं. मग ते जागेवर ठेवलं, धावतच अंगणात गेली आणि तोंडाला दोन्ही हात लावले.

"माघारी जा! वाट न्हाई!"

वरून पुन्हा हाळी आली. त्याला ऐकू गेलं नव्हतं. आई अंगणाच्या पार कडेला गेली. तिचा आवाज इतका मोठा असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

"माघारी फिर, लेकरा! हितं येऊ नगंस! जा माघारी, जा!"

ती ओरडत राहिली. आवाज चिरकला तरी ओरडत राहिली. मग वळणावर काही वेळ काहीच नव्हतं. नंतर खिंडीच्या दिशेनं, खूप वर, एक ठिपका झाडीतून जाताना दिसला.

आई आत आली. चुलीपाशी बसली, पदरानं तोंड पुसलं.

"गेला," ती म्हणाली.

मी फणसाखाली गेले. रेंजची एक काडी आली. मोबाईल काढून मी अपडेट दाबलं.