घट्टोबांची फळी

आमचे धाकटे भावजी होड्यांचे सुतार. त्यांनी जोडलेल्या फळ्यांच्या सांध्यात नख शिरत नाही म्हणून धक्क्यावर सगळे त्यांना घट्टोबा म्हणत, आणि भावजींना ते मनातून आवडायचं. लग्न केलं नाही. दिवसभर रंधा, जेवायला आमच्याकडे आणि सुट्टीला वन्संकडे चक्कर, एवढाच संसार. आई लवकर गेली, तेव्हा वन्संनीच त्यांना लहानाचं मोठं केलेलं.

वन्संचे यजमान, आमचे दाजी, शिडाच्या छोट्या होडीतून पलीकडच्या काठाला सामान पोचवत. अशा होडीच्या मधोमध एक उभं, अरुंद खोकं असतं. त्यातून फळी खाली पाण्यात सोडली की वारा होडीला आडवं लोटू शकत नाही. दाजींची फळी झिजून सैल झाली होती, खोक्यात सारखी खडखडायची. दाजी जेवताना म्हणाले, "घरात तुझी बहीण बोलते, होडीत तुझी फळी. मी जाऊ कुठे?" वन्संसकट सगळे हसले. भावजी तेवढे हसले नाहीत. नवी फळी अशी करतो की चकार शब्द काढणार नाही, म्हणाले.

तशीच केली. पाण्यात लाकूड फुगतं, म्हणून फळीच्या दोन्ही अंगांना फट ठेवायची, हे ते शिकाऊ पोरांना रोज ओरडून सांगत. पण दाजींचं बोलणं त्यांना लागलं होतं. कोरड्यात फळी लोण्यासारखी सरकली. दाजींनी पाठ थोपटली.

मग दाजी तापाने पडले आणि होडी बरेच दिवस पाण्यात नुसती उभी राहिली, फळी वर ओढलेली. बरं वाटल्यावर निघाले, त्याच दुपारी वारा उठला. होडी खडकांवर गेली. दाजींना लोकांनी काठावर आणलं तेव्हा काही उरलं नव्हतं. देवाची इच्छा, असं मी वन्संना म्हणत राहिले. दुसरं काय म्हणणार?

फुटकी होडी ओढून आणली होती. सगळे वाऱ्याला बोल लावत होते. वन्संनी मात्र भावजींना जवळ बोलावून विचारलं, "फळी पडली होती ना रे खाली?"

आमचे हे भावजींना बाजूला घेऊन म्हणाले, चार दिवस ऊन लागू दे, मग बघ. अर्थ आम्हा तिघांनाही कळला. लाकूड वाळलं की फळी आपोआप मोकळी होणार होती, आणि कुणाला काही दिसणार नव्हतं. मी देवापुढे बसले, पण काय मागावं तेच सुचेना.

भावजी तडक होडीपाशी गेले. मी मागोमाग. त्यांनी फळीवर हात ठेवून जोर दिला, मग गुडघा ठेवला. हलली नाही. फळीच्या वरच्या काठावर खोल खळगे पडले होते. वल्ह्याचा दांडा उलटा धरून कुणीतरी वरून ठोकत राहिलं होतं. भावजी त्या खळग्यांवरून बोट फिरवत बसले, मीच त्यांना उठवलं.

वन्सं भिंतीला टेकून बसल्या होत्या. भावजींनी आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं, खळग्यांचंही. "अडकली होती, ताई. मी फट ठेवली नाही."

 वन्सं म्हणाल्या, "खोटं बोलला असतास तर मला भाऊ तरी उरला असता."

भावजींनी मान हलवली, कामाचं माप ऐकून घ्यावं तशी, आणि चपला घालून निघाले.

वन्सं आता आमच्याकडे राहतात, म्हणून भावजी येत नाहीत. होड्यांच्या शेडमध्येच झोपतात. मी डबा नेऊन देते. ते झाकण उघडायच्या आधी विचारतात, ताई जेवते का. मी हो म्हणते. वन्संच्या ताटातलं किती उरतं ते मी त्यांना सांगत नाही, आणि तेही आता खोदून विचारत नाहीत.