‘गाढवा’नंतरचं

साऱ्या सोलापुरात साध्या वाक्याचा एवढा छळ करणारा माणूस माझ्या मावसभावाखेरीज दुसरा नसेल. पोटापाण्याचा उद्योगच तसला! यंत्राला कळणारे आकड्यांतले हुकूम माणसाला कळतील असे वाचून दाखवणारं एक सॉफ्टवेअर असतं. ते कुठं चुकतं, हे हा घरी बसून शोधतो. यंत्राच्या हुकमाआधी म्हणे प्रिफिक्स लागतात, म्हणजे बारके इशारे: हेच पुन्हा पुन्हा कर, अमक्या जागेवरून कर. हा मुद्दाम एकच इशारा चार-चारदा लावून बघतो. "यंत्र जादाचं सोडून मुकाट काम करतं की, ताई. आमचं सॉफ्टवेअर मात्र घाबरून 'वाचता येत न्हाय' म्हणतं." सगळ्यात नाजूक परीक्षा म्हणजे इशारा लागला, पण पुढचा हुकूमच तुटला. "तितं अंदाज बांधायचा न्हाय. अपुरं हाय, एवढंच सांगायचं." याबाबतीत तो भलताच कडक.

ही खोड घरीदारी सारखीच. एकदा चहाच्या गाड्यावर म्हणाला, "जरा जरा जरा जरा साखर कमी." चहावाल्यानं मान वर न करता कमी साखरेचा चहा पुढं सरकवला. हा खूश! "बघ, अडखळला न्हाय!" माझ्याही कपात साखर कमी पडली, ते वेगळंच.

पण खरी तालीम आण्णांची. आण्णा म्हणजे त्याचे वडील. श्रीपूरला कारखान्यात जन्म गेला, आवाजही तसलाच. रोज दुपारी त्यांचा फोन: "गाढवा, ऐतखाऊ, खोलीत कोंडून घेतलेल्या घुबडा, जेवलास का?" मला मेली चीड यायची. हा शांतपणे सांगायचा, "व्हय आण्णा, जेवलो." मग माझ्याकडं वळून, "आधीचं सगळं सोडायचं, ताई. हुकूम शेवटी असतो."

यंदा आण्णांना अर्धांगाचा झटका आला. वाचा परत येईल का, डॉक्टरांनाही सांगता येईना. कॉम्प्युटर उचलून हा श्रीपूरलाच जाऊन बसला. मी भेटायला गेले तेव्हा दुपार टळली होती आणि याचं ताट अजून झाकलेलंच. आण्णांनी त्याच्याकडं बघितलं. ओठ धडपडले, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच शब्द फुटला. "गाढवा..."

पुढं काही येईना. त्यांचे डोळे भरले.

"व्हय आण्णा," हा म्हणाला, "जेवलो."

आण्णांनी सावकाश झाकल्या ताटाकडं नजर वळवली, आणि आधीपेक्षा जरा खणखणीत म्हणाले, "गाढवा!"

"बसतो की जेवायला," म्हणत त्यानं हसत ताट ओढलं.