यानाची बाजू

“हात वर कर,” सर म्हणाले. “दोन्ही. सगळ्यांना दिसू दे.”

मी केले. नववीचा वर्ग, रिसोडमधली शाळा. नखांत काळं, उजव्या अंगठ्यावर सोल्डरिंगच्या चटक्याचा ताजा फोड. वर्ग हसला. सरही हसले. आपण कौतुक करतोय असंच त्यांना वाटत होतं.

वादविवाद स्पर्धा होती. विषय, गरीब देशानं अवकाशयानं सोडावीत की देशातच यंत्रं बनवावीत. मी यानाची बाजू मागितली होती. सगळ्यांत आधी.

“हे हात यंत्रांचे आहेत,” सर म्हणाले. “आकाशाचं डॉक्टरांचा मुलगा बघेल.”

डॉक्टरांच्या मुलानं काहीच मागितलं नव्हतं. तो खिडकीबाहेर बघत होता. त्याला बसल्या जागी आकाश मिळालं.

एसटी स्टँडच्या मागे माझ्या बाबांची पत्र्याची टपरी होती. ते फवारणीचे बॅटरी पंप दुरुस्त करायचे. शाळा सुटली की मी तिथं तारा जोडायला बसायची. पंपातला सर्किटचा बोर्ड बाहेरच्या देशातून यायचा. तो जळला आणि नवा मिळाला नाही, की पंप भंगारात. बाबा तसं सोडायचे नाहीत. भिंग लावून जळालेली जागा शोधायचे आणि मला दाखवायचे. आपल्याकडं यंत्रं बनली पाहिजेत, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती.

पण एकदा दिवेलागणीला टपरी बंद करताना आभाळात एक ठिपका सरळ सरकत जाताना दिसला. लुकलुकत नव्हता. उपग्रह आहे, मी बाबांना सांगितलं. तो दिसेनासा होईपर्यंत ते मान वर करून उभे राहिले. मग म्हणाले, “त्याच्यातल्या ताराबी कोनीतरी बसूनच जोडल्या असतीन ना वं.”

त्या दिवसापासून मला यान हवं होतं. बाबांच्या त्या एका वाक्यासाठी.

सरांनी भाषण लिहून दिलं. पहिलं वाक्य अजून तोंडपाठ आहे: “आम्हां गरिबांना आकाश नको, हाताला काम हवं.” मी ते टपरीच्या मागं, बाबांना ऐकू जाणार नाही अशा बेतानं पाठ केलं. मला लाज वाटत होती. कशाची, ते तेव्हा कळलं नाही.

स्पर्धेच्या दिवशी बाबांनी टपरी उघडलीच नाही. धुतलेला सदरा घालून आले आणि सभागृहाच्या मागच्या भिंतीला टेकून राहिले. पुढं खुर्च्या रिकाम्या होत्या, तरी उभेच.

डॉक्टरांचा मुलगा बोलला. चांगलं बोलला. मग माझं नाव पुकारलं. मी माइकसमोर गेले, हात ओढणीखाली लपवून.

“आम्हां गरिबांना आकाश नको,” म्हटलं, आणि बाबा दिसले. हे मी त्यांच्या वतीनं सांगत होते. मान वर करून उभं राहिलेल्या त्या माणसाच्या वतीनं. उरलेलं वाक्य तोंडातून निघेना.

“हे माह्यं भाषन नाही,” मी म्हटलं. “सरायनं लिवलेलं हाय. मले आकाशबी पायजे. यान काय आभायातून पडते काय? तेबी हातानंच जोडा लागते. हितं यान बनन त हितं यंत्रंबी बनतीन. मंग आमालेच दोन्हीतलं एक निवडाले काहून सांगता?”

घंटा वाजली. माझा वेळ संपला नव्हता.

“खाली उतर,” पहिल्या रांगेतून सर म्हणाले. मी उतरले. एकही टाळी नाही.

त्यानंतर मधल्या सुट्टीत माझ्या शेजारी कुणी बसेना. मुली भांडल्या नाहीत, नुसत्या सरकून बसल्या. ते मी सोसलं. खरं लागलं ते स्पर्धेच्याच संध्याकाळी, घरी जाताना. बाबा दोन पावलं पुढं चालत होते. मागं वळलेच नाहीत.

“काहून बोलली वं तसं? सरायच्या वावरातले पंप आपल्याकडंच येतेत. याच गावात राहाचं हाय आपल्याले.”

मी ज्यांच्यासाठी बोलले त्यांनाच ते नको होतं. इतकं एकटं मला नंतर कधी वाटलं नाही. बाबा गेले तेव्हाही नाही.

आता टपरी माझी आहे. दुरुस्ती करते, आणि पंपाचे बोर्डही स्वतः बनवते. पार मेडशीपासून लोक येतात. बोर्ड उलटापालटा करून विचारतात, “कोन्या कंपनीचा हाय?” मी म्हणते, “माह्या.” ते हसतात, आणि घेऊन जातात. मग दिवसभर टपरीत मी एकटीच असते.

परवा सरांचा फोन आला. ते आता मुख्याध्यापक आहेत. पुन्हा स्पर्धा, तोच विषय, आणि यंदा शेवटी पाहुणी म्हणून माझं भाषण.

“तू देशी यंत्रांच्या बाजूनं बोल,” ते म्हणाले. “मुलांसमोर चांगलं उदाहरण आहे तुझं. तुझे हात बघू देत त्यांना.”

ते सगळं विसरले होते. मला त्याचाच जास्त राग आला. फोन डाव्या कानाला होता आणि मी उजवा अंगठा बघत होते. फोड कधीच गेलाय, डाग आहे.

“मी यीन,” मी म्हटलं. “पन हात दाखवाले नाही. पोरायच्या बाजू चिठ्ठ्या टाकून ठरवा. अन् माह्या नावाम्होरं यान लिवा.”

मग सर म्हणाले, “पाहतो.”

“पाहू नका, सर. लिवा.”