सात जोड

आमच्या पत्र्याच्या खोलीत उन्हाळ्यात दुपारी पंखासुद्धा गरम हवा टाकतो. माझा कॉम्प्युटर त्याच खोलीत होता. त्याची एक बाजू उघडी ठेवून मी समोर टेबलफॅन लावायचे, तरी गेम सुरू केला की अर्ध्या तासात स्क्रीन काळी व्हायची. गेममध्ये सोबत खेळणाऱ्या कॉलेजच्या मैत्रिणी फोनवर विचारायच्या, "गेलीस का गं परत?" आणि मी उत्तर द्यायचे, "गेले."

इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष संपल्यानंतरच्या सुट्टीतली ही गोष्ट. श्रीगोंद्याजवळच्या आमच्या गावात मी दर सुट्टीत शाळेतल्या मुलांच्या शिकवण्या घ्यायचे. त्या पैशांतूनच दोन वर्षांत एकेक भाग आणून मी तो कॉम्प्युटर जोडला होता. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नव्हतं, त्यामुळे हे कुणाला विचारून केलं असं नाही. व्हिडिओ बघत, घाबरत घाबरत केलं होतं. तो बिघडला असता तर दुसरा येणार नव्हता, हे मला पक्कं माहीत होतं. आणि तरीही मी त्याच्या आत पाणी खेळवायचं ठरवलं होतं.

गरज होती का? खरं सांगायचं तर थोडी गरज होती आणि बरीच हौस. आत एक छोटा पंप बसवायचा, त्याला जोडलेली टाकी. टाकीतलं पाणी नळीतून प्रोसेसरवरच्या तांब्याच्या ठोकळ्यात जाणार, तिथली उष्णता घेऊन रेडिएटरमध्ये येणार, तिथे पंख्यांनी निवणार आणि परत टाकीत. मी परीक्षेच्या जुन्या पुरवणीच्या मागच्या बाजूला याचं चित्र काढलं. पाच वेळा खोडलं.

सहाव्या वेळी दादा मागे येऊन उभे राहिले. दादा म्हणजे माझे वडील. पंधरा-सोळा वर्षं त्यांनी उसाला ठिबक बसवून देण्याचं काम केलं. त्या वर्षी गुडघ्यानं दगा दिला आणि काम सुटलं. पाने, करवत, टेपच्या रिळांची पिशवी खुंटीला टांगलेली होती. पडवीत बसून ते रस्त्यावरच्या ट्रॅक्टरच्या आवाजावरून कुणाचा ट्रॅक्टर आहे ते सांगायचे. दिवसभर तेवढंच.

"ही कुणाची लाईन?" त्यांनी विचारलं.

"कॉम्प्युटरची."

ते हसले नाहीत. पेन मागून घेतलं, खाली बसले, पाय लांब केला. "पंप हितं. मेन लाईन ही. मग फ्लश कुठं काढलाय?"

"फ्लश कशाला? पाणी आतल्या आत फिरणार आहे."

"फिरू दे की. उद्या काढायचं झालं तर काय डबा उलटा करणार हायस? सगळ्यात खाली फ्लश पायजे. फ्लश न्हाई ती लाईन न्हाई."

मी शेकडो व्हिडिओ बघितले होते आणि हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मी मागवणार होते त्या टाकीच्या तळाला एक जादा भोक होतं, चित्रात तिथे त्यांनी फ्लशची, म्हणजे पाणी काढून टाकायची छोटी तोटी काढली.

ते चित्र काढत असताना मला लहानपणीचं आठवत होतं. शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी त्यांच्यासोबत रानात जायचे. नळ्या अंथरून झाल्या की ते पंपापाशी जायचे आणि मला सगळ्यात लांबच्या टोकाला उभं करायचे. नळीचं तोंड उघडं असायचं. आधी नुसती हवा फुसफुसायची, मग मातीचं लाल पाणी, मग एकदम स्वच्छ. ते पाणी पायावर पडलं की मी एवढ्या मोठ्यानं ओरडायचे की बांधावरचे बगळे उडायचे. भाकरी खाताना दादा मला "माझं तिकडचं माणूस" म्हणायचे. बारावीनंतर मी परत त्या टोकाला गेलेच नाही.

आई धान्य निवडता निवडता ऐकत होती. "माणसांच्या हंड्याला दोन दिसाआड पानी," ती म्हणाली, "अन् ह्यांच्या डब्याला रोज. लाड लई!"

"रोज न्हाई, एकदाच," दादा म्हणाले. "आणि बोअरचं न्हाई हां बाई. क्षार धरंल. बॅटरीचं आण." बॅटरीत घालायचं ते शुद्ध पाणी मी आधीच आणून ठेवलं होतं. तेवढं एक तरी माझं मला सुचलं होतं.

सामान आलं त्या दिवशी दादांनी खुंटीवरची पिशवी काढली. टाकी-पंप, ठोकळा आणि रेडिएटर, प्रत्येकाला नळीचे दोन जोड, असे सहा, आणि सातवा तोटीचा. नळीची टोकं त्यांनी गरम पाण्यात बुडवून मऊ केली, झटक्यात बसवली. मग पांढऱ्या टेपचं रीळ काढलं आणि जोडाच्या आट्यांवर वेढे द्यायला लागले. दातानं टेप तोडायची, अंगठ्यानं दाबत फिरवायची.

सोबतच्या पुस्तिकेत स्पष्ट लिहिलं होतं की जोडाच्या बुडाशी असलेलं रबरी कडंच पाणी अडवतं, टेप लावू नये. मी ते दोनदा वाचलं होतं. मी तोंड उघडलंही. पण कितीतरी महिन्यांनी त्यांचे हात तसे चालत होते. मी म्हणाले, "छान बसतंय."

सगळी वीज तोडून फक्त पंप चालवायचा असं मी ठरवलं होतं, म्हणजे गळलं तरी भाग जळणार नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी भरलं. प्रत्येक जोडाखाली टिश्यू पेपरचा तुकडा ठेवला. नळीतून बुडबुडे पळाले आणि पाणी फिरायला लागलं. आईसुद्धा येऊन बघून गेली.

तासाभरानं ठोकळ्याच्या जोडाखालचा कागद ओला झाला. तिथून खाली सरळ रेषेत ग्राफिक्स कार्ड होतं. मी पंप बंद केला. दादांनी तळाची तोटी उघडून पाणी वाटीत काढलं; ती नसती तर मी काय केलं असतं ठाऊक नाही. मग त्यांनी जोड सोडवला, बारकाईनं बघितला आणि परत रिळाकडे हात नेला.

"दोन वेढे कमी पडले."

आता गप्प बसले असते तर कॉम्प्युटर सुरू केल्या दिवशीच कार्ड गेलं असतं.

"दादा, टेपच नकोय."

ते थांबले. मी पुस्तिका पुढे केली. "वाच," म्हणाले. मी एकेक ओळ मराठीत सांगितली. त्यांनी ते रबरी कडं अंगठ्यानं दाबून बघितलं. टेपचा वेढा त्याच्या खाली शिरला होता, त्यामुळे ते नीट टेकतच नव्हतं.

"कवा वाचलंस हे?"

"काल."

"मग आदी का न्हाई बोललीस?"

"तुम्ही लावत होतात ना..."

"मी काय तुझ्या कॉम्प्युटरपेक्षा नाजूक हाय व्हय?" ते एवढ्या जोरात म्हणाले की आतून आईचं हसू ऐकू आलं. "नाजूकच हायती," ती म्हणाली. "चहात साखर कमी पडली तर दोन दिस बोलत न्हाईत."

दादा पण हसले, पण जरा उशिरानं. मग एकेक जोड सोडवून त्यांनी नखानं सगळी टेप खरवडून काढली. मी पुसून देत होते.

"पाना लावू?" जोड परत बसवताना त्यांनी विचारलं.

"नको. हातानं आवळला तेवढा बास."

त्यांनी पाना पिशवीत टाकला.

पुन्हा पाणी भरलं, पुन्हा सात कागद. दर तासाला दादा ते उचलून गालाला लावून बघायचे. हातावरच्या घट्ट्यांमुळे त्यांना बोटांनी ओल कळत नाही. दुपारचं जेवण त्यांनी तिथेच बसून केलं. उन्हं कलल्यावर सहा कागद गालाला लावून त्यांनी ओळीनं बाजूला ठेवले. ठोकळ्याखालचा कागद माझ्याकडे दिला.

"हा तू बघ."

मी तो गालाला लावला. कोरडा होता.