मामींचा शेवटचा भोपळा

काय तोंडानं सांगू, माझ्या हातून एक जीव गेलाय! हसू नका. चहा गार झाला तरी चालंल, पण ऐका.

केदारखेड्याच्या माझ्या सासूबाई वारल्या. मी त्यांना मामी म्हणायचो. त्यांचा भोपळा उचलायला दोन गडी लागायचे! वर्षश्राद्धाला त्यांच्याच बियाण्याच्या भोपळ्याची भाजी गावाला वाढायची, एवढीच सासऱ्यांची, म्हणजे मामांची, इच्छा. डब्यात तीनच बिया उरलेल्या. दोन कुजल्या, एक उगवली. त्या वेलावर एकच फळ राखलेलं, घागरीएवढं झालेलं.

मामांचा खुबा मोडलेला. ते बांधावर बाजेवरूनच हुकूम सोडायचे. अन् मी कोण? जालन्याच्या एमआयडीसीत बियाण्याच्या कारखान्यात कामाला! मला काय शिकवता?

"बाजूचे फाटे छाटा जावाईबापू. सगळा जोर फळात गेला पाह्यजे."

जागोजागी मुळ्या फुटाव्यात म्हणून वेलाच्या गाठी मातीत दाबलेल्या. त्यामुळे मूळ वेल कोणता अन् फाटा कोणता, कळेचना.

"मामा, कोणता?"

आता कोवळ्या भोपळ्याकडं बोट दाखवलं की फळ सडतं, हे तुम्हाला ठाऊकच आहे. मामांनी मूठ मिटून नुसती हनुवटी हलवली. "त्यो!"

"हा?"

"त्यो न्हाई हो, त्याच्या पल्याडचा!"

पल्याडचा कापला. खच्च! मामांनी कपाळावर हात मारला. "आवं, मूळ वेलच की त्यो!"

"तुमच्या पल्याडचा, का माझ्या?" हे मी विचारलं कधी? कापल्यावर!

बायको धावत आली. "राहू द्या, गाठींना मुळ्या असतेल. त्याच्यावर जगंल फळ."

मुळ्या धरल्यात का बघावं म्हणून मी वेल जरासा उचलला. सगळ्या मुळ्या तटातट तुटून वर आल्या. आता बघितल्याशिवाय कळणार तरी कसं?

"आईचं एवढंच राह्यल्तं हो," बायको म्हणाली अन् मातीतच बसली.

आठ दिवसांत फळ सडलं. मामा टोपी डोळ्यांवर ओढून पडून राहिले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

श्राद्धाला बाजारातला भोपळा आणला. पत्र्यावर घास ठेवला. कावळे समोरच्या लिंबावर, पण एकही शिवेना. मामा बाजेवरून म्हणाले, "गोळ्या टायमावर घेईन गं." कावळे ढिम्म.

मंग मी हात जोडले. "मामी, पुढच्या साली याच्याहून मोठा भोपळा पिकवतो!"

बसलेले कावळेही उडाले.

बायकोनं डोळे पुसले. "आई, ह्यांना परत वेलाला हात लावू देणार न्हाई."

गेलेले कावळे अर्ध्या वाटेतून माघारी फिरले.