एसीतला साचा आणि काशाची तलवार

साचा फुटला. वितळलेल्या काशाचे थेंब छतापर्यंत उडाले आणि लिमच्या बाहीने पेट घेतला. त्याला हात झटकता येईना. मूस, म्हणजे धातू वितळवायचं भांडं, आम्ही दोघांनी दोन बाजूंच्या दांड्यांनी धरली होती. तिच्यात अजून निम्मं कासं होतं. एकाने जरी सोडलं असतं, तर सगळं आमच्या पायांवर.

"आंटी, डोन्ट लेट गो!" लिम ओरडला.

"तू सोडू नकोस, मेल्या!" मी मराठीतच ओरडले.

ग्वेनने पाण्याकडे पाहिलंही नाही. वितळलेल्या धातूजवळ पाणी म्हणजे दुसरा स्फोट. तिने वाळूची बादली लिमच्या हातावर रिकामी केली. आग विझली, तेव्हा कुठे आम्ही मूस खाली टेकवली.

आमचं घराणं ओताऱ्यांचं. शाळा चौथीपर्यंत. पुढे घंटा आणि मूर्ती ओतण्यात वय गेलं. आता सिंगापुरात, यिशुनला मुलीकडे राहते. ग्वेन मुलीच्या ऑफिसातल्या एकाची बायको, मूळची वेल्सची. जुन्या तलवारींचा इतिहास शोधणं हे तिचं काम. आयर्लंड आणि वेल्समध्ये लोखंडाच्या आधीच्या काशाच्या तलवारी सापडतात, मधे रुंद, टोकाला निमुळत्या, पानासारख्या. मातीच्या साच्यांचे तुकडेही सापडतात. एवढ्या लांब, पातळ पात्यात कासं टोकापर्यंत जाण्याआधी थिजत कसं नसेल? हे तिला ओतूनच बघायचं होतं. शेड आणि भट्टी लिमची. ओतायला मी.

हाताला पट्टी बांधून लिम इथल्या 'लाह', 'आह' लावायच्या इंग्रजीत म्हणाला, "इनफ लाह. का फुटला ते कळेपर्यंत माझी भट्टी पेटणार नाही."

साचा चांगला भाजला होता. मग ग्वेनने मापं घ्यायला तो एसीच्या खोलीत ठेवला आणि तिथून थेट ओतायला आणला. आता ती त्याच खोलीतून कागद घेऊन बाहेर आली आणि दारातच थबकली. चष्म्याच्या काचा पांढऱ्या झाल्या होत्या. तिने चष्मा काढला, बघत राहिली.

"आज्जी," माझ्या नातवंडांचं ऐकून ती मला आज्जी म्हणते, "साच्यालाही असाच घाम फुटला!"

थंडगार साचा, बाहेरची दमट हवा. माती तो ओलावा प्यायली. वर वितळलेलं कासं पडलं, वाफ आत कोंडली आणि साचा फुटला. मी टाळीच वाजवली.

पुढचा साचा भट्टीतून लाल काढला, वाळूत उभा पुरला आणि तसाच गरम असताना ओतायला घेतला. दुसरा दांडा ग्वेनने धरला. लिम स्टुलावरून हुकूम सोडत होता.

"आंटी, यू पोअरिंग सूप आह? फास्टर लाह!"

"शट अप!" मी म्हटलं. ओतताना काशाची धार तुटली की पात्यात सांधा राहतो.

थंड झाल्यावर मी साचा फोडला. माती गळून पडली. आधी मूठ, मग पोट, मग टोक. अख्खं टोक! साचाच गरम, तर कासं वाटेत थिजेल कशाला? ग्वेन उड्या मारत होती, लिमही. मीही ओरडले असणार, कारण दुसऱ्या दिवशी घसा बसला होता. तिकडचे जुने ओतारी असंच करत असतील, एवढंच ग्वेन लिहिणार. असंच केलं, असं ठामपणे म्हणायला ती तयार नाही. बरोबर आहे तिचं.

भाजलेला साचा थंड होऊ द्यायचा नाही. सिंगापुरात तर मुळीच नाही.

लिमच्या मनगटावर डाग राहिला. साचा फुटला तेव्हा शेडमध्ये लिम, ग्वेन आणि मी होतो. तिघंही वाचलो.