कळ म्हणजे उद्या नव्हे

सुमनआत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी गोंदियात दवाखान्याच्या फाटकातच उभी होते, तिची गाडी येण्याची वाट बघत. गाडी आलीच नाही. मध्य प्रदेशात, बालाघाटकडच्या एका दवाखान्यानं ‘आगे ले जाओ’ म्हणून तिला उलट गोंदियाकडं धाडलं होतं, आणि राजेगावच्या अलीकडे, तिच्याच गावच्या फाट्यापाशी श्वास थांबला. सकाळी निघाली होती तिथंच. भेटायला येणारे म्हणाले, वेळ आली होती. वेळ नव्हती आली... गाडी वेळेवर आली नव्हती. महिना होऊन गेला, तरी हे मी कुणालाही तोंडावर सांगायला तयार आहे.

आत्या काही नर्स नव्हती, धानाच्या रोवणीला जाणारी बाई. काही वर्षांपूर्वी तिची सून विमल पहिलटकरीण होती, नववा महिना. आत्या धानाच्या बांधीत असताना विमल एकटीच बसनं दवाखान्यात गेली. ‘‘पोटात कळ येऊन राह्यली,’’ म्हणाली. डॉक्टर नवा, हिंदी मुलखातला, मान खाली घालून लिहीत होता. त्याला ऐकू आलं ‘कल’. ‘‘ठीक है, कल ही आना.’’ विमल बिचारी मुकाट्यानं परतली. दुसऱ्या दिवशी गेली तेव्हा बाळ पोटातच गेलं होतं. एका ‘ळ’पायी!

आत्या आधी रडली, आणि मग जी चिडली ती कायमची. त्यानंतर गावातल्या एकाही बाईला तिनं दवाखान्यात एकटं जाऊ दिलं नाही. नवा डॉक्टर आला, की ही आधी त्याची शिकवणी घ्यायची. ‘‘साहब, कळ मतलब दरद. बोलो, कळ.’’ तो म्हणायचा, ‘‘कल.’’ ‘‘जीभ नही मुडती तो रहने दो, कान इधर मोडो!’’ रांगेतल्या बाया खुदखुदायच्या. मी शिकलेली, मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

‘‘काहून एवढी भांडतं, आत्या?’’

‘‘तुले लाज वाटते? विमलनंबी लाजच धरली होती. काय भेटलं तिले?’’

 

आत्याच्या पुण्यानुमोदनाला, तिच्या स्मरणार्थ ठेवलेल्या बुद्धवंदनेला गेले. आत्याची दवाखान्याची पिशवी कायम दाराच्या खुंटीला असायची... आधारच्या झेरॉक्स, चादर, जुन्या लुगड्याचे मऊ तुकडे. खुंटी रिकामी दिसली. तिच्या वस्तू इतक्यातच आवरल्या?

‘‘पिशवी विमल घेऊन गेली,’’ शेजारीण म्हणाली. ‘‘माह्या पोरीले कळा सुरू झाल्या, तिलेच दवाखान्यात नेलं.’’

ओसरीवरचे म्हातारे कुरकुरत होते, निदान आजच्या दिवशी तरी सुनेनं घरी थांबावं. मी फोन लावला. ‘‘वहिनी, वंदना सुरू व्हायची आहे. सगळे थांबले आहेत.’’

‘‘थांबू दे त्याईले, बाई,’’ विमल म्हणाली. ‘‘डॉक्टरनं अजून मान वर केली नाही.’’